प्राप्तिकर कॅल्क्युलेटर आणि मायस्कीम: घराचा हिशोब लावायला किती उपयोगाचे?

घरातून सरकारकडे किती जातं आणि सरकारकडून घरात किती येतं, हे एका जागी मांडून दाखवणारं सरकारी साधन अजून तरी नाही. अर्धा हिशोब प्राप्तिकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये होतो, उरलेला अर्धा मायस्कीम या सरकारी योजना शोधायच्या पोर्टलवर. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हीला लॉगिन लागत नाही. आपापल्या कामात दोन्ही बरे आहेत. घोळ होतो तो दोघांच्या मधल्या जागेत. कर लागतो माणसाला, लाभ मिळतो कुटुंबाकडे बघून, आणि ‘कुटुंब’ कशाला म्हणायचं हे प्रत्येक योजना आपलं आपण ठरवते.

खालचे कराचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे कर निर्धारण वर्ष (त्या उत्पन्नावरचा कर ठरतो ते पुढचं वर्ष) २०२६-२७ चे आहेत. राज्याच्या योजना महाराष्ट्रातल्या. उदाहरणातली कुटुंबं कल्पित आहेत, गणित मात्र नियमांप्रमाणे आहे.

आधी कर. ई-फायलिंग पोर्टलच्या मुखपृष्ठावर ‘क्विक लिंक्स’मध्ये ‘इन्कम अँड टॅक्स कॅल्क्युलेटर’ सापडतो. त्यात ‘बेसिक’ आणि ‘अॅडव्हान्स्ड’ असे दोन भाग. बेसिकमध्ये कर निर्धारण वर्ष, करदात्याचा प्रकार, वय, निवासी स्थिती, एकूण वार्षिक उत्पन्न आणि एकूण वजावटी एवढं भरलं की जुन्या (वजावटी जास्त) आणि नव्या (दर कमी, वजावटी मोजक्याच) करप्रणालीतला कर शेजारी-शेजारी दिसतो. पगाराशिवाय दुसरं काही उत्पन्न नसलेल्या माणसाला एवढं पुरतं.

एक चाचणी मात्र आधी करून घ्यावी. नव्या प्रणालीत पगारदाराला ७५,००० रुपयांची मानक वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) मिळते. एकूण उत्पन्न १२,७५,००० टाका, वजावटीचा रकाना रिकामा ठेवा. नव्या प्रणालीचा कर शून्य दाखवला, तर मानक वजावट आपोआप धरली गेली आहे. ७४,१०० रुपये दाखवला, तर ती धरलेली नाही. मग प्रत्येक वेळी पगारातून ७५,००० स्वतः वजा करून आकडा भरायचा. (७४,१०० कसे आले? १२ लाखांपर्यंतचे ६०,०००, वरच्या ७५,००० वर १५ टक्क्यांनी ११,२५०, आणि या बेरजेवर ४ टक्के उपकर २,८५०.) लोकांच्या हिशोबात सर्वांत जास्त चुका याच एका वजावटीत होतात. कुणी ती दोनदा वजा करतो, कुणी एकदाही नाही.

नव्या प्रणालीचे टप्पे असे: ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ लाख ५ टक्के, ८ ते १२ लाख १० टक्के, १२ ते १६ लाख १५ टक्के, १६ ते २० लाख २० टक्के, २० ते २४ लाख २५ टक्के, त्यापुढे ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए खाली ६०,००० रुपयांपर्यंतची करसवलत मिळून कर शून्यावर येतो. बारा लाखांच्या थोडं वर गेलेल्याला सीमांत सवलत आहे: १२ लाखांवर जितकं उत्पन्न, त्याहून कर जास्त लागत नाही. म्हणजे करपात्र उत्पन्न १२,१०,००० असेल तर टप्प्यांप्रमाणे ६१,५०० न होता १०,००० होतो, उपकर धरून १०,४००. ही सवलत साधारण १२,७०,५८८ रुपयांच्या आसपास संपते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे योजनांच्या मर्यादांशी त्याची तुलना करायची आहे.

आता याच कॅल्क्युलेटरमध्ये दोन घरं बसवून बघू. दोन्ही घरांचं वर्षाचं पगाराचं उत्पन्न २४,७५,००० रुपये. पहिल्या घरात एकच जण कमावतो. मानक वजावट जाऊन करपात्र उत्पन्न २४ लाख. टप्प्यांप्रमाणे २०,००० + ४०,००० + ६०,००० + ८०,००० + १,००,००० मिळून ३,००,०००, उपकरासह ३,१२,००० रुपये. दुसऱ्या घरात नवरा-बायको दोघेही नोकरी करतात, प्रत्येकी १२,३७,५००. प्रत्येकाचं करपात्र उत्पन्न ११,६२,५००. दोघांचाही कर शून्य. घराचं उत्पन्न तेच, फरक महिन्याला २६,००० रुपयांचा.

हा फरक कॅल्क्युलेटरच्या चुकीमुळे नाही. आपल्या कायद्यात जोडप्याला एकत्र विवरणपत्र भरता येत नाही, त्यामुळे कॅल्क्युलेटरला घर दिसतच नाही, पॅन दिसतो. त्यावर बरेचजण दोन उपाय सुचवतात आणि दोन्ही अर्धवट आहेत. बायकोच्या नावावर पैसे टाकून मुदत ठेव केली, तरी नवऱ्याने मोबदल्याशिवाय दिलेल्या पैशांवरचं व्याज कलम ६४ प्रमाणे नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. हिंदू अविभक्त कुटुंबाचा वेगळा पॅन काढला तर त्याला ४ लाखांची मूळ मर्यादा मिळते, पण ८७ए ची करसवलत मिळत नाही. ती फक्त निवासी व्यक्तीला आहे. म्हणजे अशा कुटुंबाच्या नावावर ९ लाखांचं भाडं दाखवलं तर कर लागणारच.

एका कमावत्याच्या घराने जुनी प्रणाली पकडावी का? वरच्या उदाहरणात जुन्या प्रणालीतला कर ३,१२,००० वर आणायचा तर करपात्र उत्पन्न १६,२५,००० व्हायला हवं, म्हणजे एकूण वजावटी ८,५०,००० रुपयांच्या लागतील. त्यातले ५०,००० मानक वजावटीचे, १,५०,००० कलम ८०सी चे (बचत-गुंतवणुकीचे), २ लाख गृहकर्जाच्या व्याजाचे, २५,००० आरोग्य विम्याचे. हे सगळं धरूनही सव्वाचार लाखच होतात. मोठी घरभाडे सवलत असल्याशिवाय जुनी प्रणाली परवडत नाही, आणि गृहकर्ज व घरभाडे सवलत दोन्ही पूर्ण मिळणारी घरं थोडीच. कॅल्क्युलेटरची शेजारी-शेजारी तुलना हे एका नजरेत दाखवते. त्याचा सर्वांत मोठा फायदा हाच.

बेसिक भागाची खरी उणीव वेगळी आहे: उत्पन्नाचा प्रकार तो विचारत नाही. समजा, पगाराचं करपात्र उत्पन्न १०,००,००० आणि शेअर बाजारातला अल्पकालीन भांडवली नफा (वर्षभराच्या आत शेअर विकून झालेला) १,००,०००. बेसिकमध्ये ११,००,००० टाकलं की उत्तर शून्य. प्रत्यक्षात पगारावरचा ४०,००० रुपयांचा कर करसवलतीत जातो, पण कलम १११ए खालच्या नफ्यावर २० टक्के कर लागतोच. नव्या प्रणालीत विशेष दराच्या उत्पन्नाला करसवलत लागू नाही. म्हणून २०,००० अधिक उपकर ८००, एकूण २०,८०० रुपये. ज्याने वर्षात एक जरी शेअर किंवा इक्विटी फंडाचं युनिट विकलं असेल, त्याने थेट अॅडव्हान्स्ड भागात जावं, पगार, घर, भांडवली नफा, इतर उत्पन्न वेगवेगळं भरावं.

हे २०,८०० रुपये फक्त कराचा प्रश्न नाहीत, आणि इथेच पहिला अर्धा हिशोब दुसऱ्याला भिडतो. पीएम किसानमध्ये उत्पन्नाची वरची मर्यादा नाही. वगळण्याच्या यादीत आहे तो मागच्या कर निर्धारण वर्षात प्राप्तिकर भरलेला माणूस. शेतजमीन असलेला, खासगी नोकरीत १० लाख मिळवणारा माणूस नव्या प्रणालीत शून्य कर भरतो, म्हणून नियमाच्या शब्दाप्रमाणे या कारणाने वगळला जात नाही. त्यानेच एखाद्या वर्षी शेअर विकून एक लाखाचा अल्पकालीन नफा केला, की तो कर भरणारा होतो आणि कुटुंबाचे केंद्राचे ६,००० जातात. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीची पात्रता पीएम किसानवरच उभी असल्याने त्यातले ६,००० ही त्यांच्यामागे जातात. नफ्यावर कर २०,८००, लाभ बुडाला १२,०००. एक लाखातले ३२,८०० गेले, आणि प्राप्तिकर कॅल्क्युलेटरवर यातला निम्म्याहून थोडा जास्तच भाग दिसतो.

विवरणपत्र भरणं आणि कर भरणं यांत गल्लत होऊ नये. शून्य कराचं विवरणपत्र भरल्याने पीएम किसानच्या अर्थाने कुणी ‘प्राप्तिकर भरलेला’ होत नाही. म्हणूनच बँकेने किंवा कंपनीने कर कापून घेतला असेल, तर विवरणपत्र भरून तो परत मागणं शहाणपणाचं. निवृत्त जोडप्यांकडे हे फार दिसतं. ज्येष्ठ नागरिकाचं एका बँकेतलं वर्षाचं व्याज १ लाखाच्या वर गेलं की बँक १० टक्के कापते. व्याज १,८०,००० असेल तर १८,००० गेले, जरी एकूण कर शून्य असला तरी. हे टाळायला फॉर्म १५एच, म्हणजे ‘माझा कर शून्य आहे, कापू नका’ अशी घोषणा, वर्षाच्या सुरुवातीला, प्रत्येक बँकेत वेगळा द्यायचा असतो. कॅल्क्युलेटर ‘कर शून्य’ म्हणून मोकळा होतो. कापलेले पैसे परत कसे मिळवायचे ते तो सांगत नाही, आणि ते त्याचं कामही नाही.

आता मायस्कीम. हे पोर्टल ४ जुलै २०२२ रोजी सुरू झालं. केंद्राच्या आणि राज्यांच्या योजना एका जागी शोधता येतात. ‘फाइंड स्कीम्स फॉर यू’ दाबलं की लिंग, वय, राज्य, ग्रामीण की शहरी, सामाजिक प्रवर्ग, दिव्यांगत्व, अल्पसंख्याक आहात का, विद्यार्थी आहात का, रोजगार, दारिद्र्यरेषा, उत्पन्न असे प्रश्न एकेक करून येतात आणि शेवटी योजनांची यादी. योजनेच्या पानावर तपशील, लाभ, पात्रता, वगळलेले, अर्जाची पद्धत, कागदपत्रं असे भाग पाडलेले आहेत. मांडणी स्वच्छ आहे, सरकारी निर्णयाच्या पीडीएफमध्ये डोकं घालण्यापेक्षा शंभर पटीने बरी.

वापरायची रीत मात्र उलटी ठेवावी. पात्रतेचा भाग सगळे आधी वाचतात. वाचायला हवा तो ‘एक्सक्लूजन्स’, म्हणजे वगळलेल्यांचा भाग, तोही सर्वांत आधी. माणूस बसतो वय आणि उत्पन्नात, पण अडकतो चारचाकी, सरकारी नोकरी, निवृत्तिवेतन, करदाता नातेवाईक अशा अटींत. यातल्या बऱ्याच गोष्टी सुरुवातीच्या प्रश्नांत विचारलेल्याच नसतात. त्यामुळे निघालेली यादी म्हणजे शक्यतांची यादी, मिळकतीची नव्हे. तीसएक योजनांची यादी बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

दुसरं म्हणजे प्रश्न एका माणसाबद्दल असतात. एकदा भरून थांबलात तर घरातल्या निम्म्या योजना हुकतात. घरातल्या प्रत्येकासाठी, अगदी शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी आणि सत्तरी ओलांडलेल्या आजीसाठीही, वेगळी फेरी करावी. आजीच्या फेरीचं महत्त्व विशेष: ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना आयुष्मान भारतमध्ये उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांपर्यंतचं उपचारांचं संरक्षण आहे. घर आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठी हे ५ लाख वरचे वेगळे धरले जातात. घरात दोन ज्येष्ठ असले तर मात्र दोघांत मिळून ५ लाख.

तिसरी उणीव सर्वांत महागात पडणारी. मायस्कीम प्रत्येक योजना सुटी दाखवतं. एक योजना दुसरीला कापते तेव्हा वजाबाकी तुम्हीच करायची. नवरा-बायको, दोन लहान मुलं, तीन एकर कोरडवाहू शेती आणि मजुरी, वर्षाचं उत्पन्न १,८०,००० असं घर घ्या. सातबारा नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याला पीएम किसानचे ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,०००, बायकोला लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाचे १८,०००. एकूण ३०,०००. हाच सातबारा बायकोच्या नावावर असेल तर शेतकरी म्हणून १२,००० तिलाच मिळतात, म्हणजे महिन्याला १,०००. लाडकी बहीणमध्ये दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० पेक्षा कमी मिळणाऱ्या बाईला फक्त फरक मिळतो, म्हणून महिन्याला ५००, वर्षाला ६,०००. एकूण १८,०००. जमीन तीच, माणसं तीच, बाईच्या नावावर जमीन केल्याचा दंड वर्षाला १२,००० रुपये. मुद्रांक शुल्कात स्त्री खरेदीदाराला सवलत द्यायची आणि इकडून काढून घ्यायचं, हे एकाच राज्याचं धोरण आहे.

(एवढ्यासाठी सातबारावरचं नाव बदलू नये. वारसा आणि मालकी यांचं मोल बारा हजारांहून पुष्कळ मोठं आहे.)

कुटुंबाच्या व्याख्येचं बघा. पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं. लाडकी बहीणमध्ये नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं, वय कितीही असो. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यासाठी अर्जदार, त्याचे आईवडील, १८ वर्षांखालची भावंडं, जोडीदार आणि १८ वर्षांखालची मुलं. शिधापत्रिकेवर ज्यांची नावं, ते रेशनचं कुटुंब. पंचवीस वर्षांचा, अविवाहित, नोकरी करणारा मुलगा पीएम किसानच्या हिशोबात घराबाहेर आहे, लाडकी बहीणच्या हिशोबात घरात आहे. त्याला ३ लाख पगार असेल तर आईचे १८,००० गेले, वडिलांचे ६,००० राहिले. मायस्कीमवर ‘कौटुंबिक उत्पन्न’ भरताना कोणाकोणाचं धरायचं, याचं एकच उत्तर नाही. योजनेगणिक आकडा बदलून फेरी करावी लागते.

उत्पन्नाच्या मर्यादाही वेगवेगळ्या काळात गोठलेल्या आहेत. राज्यातल्या पिवळ्या शिधापत्रिकेची मर्यादा वर्षाला १५,००० रुपये, केशरीची १ लाख, त्यावर पांढरी. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,०००. लाडकी बहीण अडीच लाख. आर्थिक दुर्बल घटक ८ लाख. प्राप्तिकर १२ लाख. वरचं तीन एकरवालं घर कागदोपत्री पांढऱ्या पत्रिकेत बसतं, आणि आर्थिक दुर्बल घटकाच्या मर्यादेच्या पाव भागातही पोचत नाही. लाडकी बहीणसाठी पिवळी किंवा केशरी पत्रिका असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पांढरी असेल तर तहसीलदाराचा दाखला आणावा लागतो.

सीमांत सवलतीचा आकडा लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते इथे कामाला येतं. बारा लाखांच्या पायरीला कठडा आहे, अडीच लाखांच्या पायरीला नाही. करपात्र उत्पन्न १२ लाखांवर दोन हजारांनी गेलं तर जास्तीत जास्त ते दोन हजार आणि उपकर जातो. कुटुंबाचं उत्पन्न २,४९,००० वरून २,५१,००० झालं तर दोन हजार आले आणि १८,००० गेले. दोन्ही साधनांत ही गोष्ट कुठेही लिहिलेली नाही. लाडकी बहीणच्या ई-केवायसीमध्ये नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही जोडावा लागतो, त्यामुळे हा आकडा आता केवळ स्वयंघोषणेवर राहिलेला नाही. अर्ज सध्या घेतले जातात की नाही हेही मायस्कीमवरून न ठरवता संबंधित खात्याच्या संकेतस्थळावर बघावं.

रेशनचं मोल दोन्ही साधनं लावत नाहीत. अंत्योदय कार्डावर घराला महिन्याला ३५ किलो धान्य, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, १ जानेवारी २०२३ पासून दोन्ही मोफत. अंत्योदयचं दोन माणसांचं घर असेल तर माणशी साडेसतरा किलो. आठ जणांचं असेल तर साडेचार किलोही नाही. सात माणसांवर दोन्ही कार्डं सारखी, आठव्या माणसापासून ‘अतिगरीब’ घराला ‘प्राधान्य’ घराहून कमी धान्य मिळतं. मोठ्या घराने याचा हिशोब नक्की करावा. धान्याचं रुपयांत मोल काढायला घराजवळच्या दुकानातला त्याच प्रतीच्या सुट्या तांदूळ-गव्हाचा भाव धरा, पॅकबंद ब्रँडचा नको.

सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानेही २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणात साधारण असंच केलं. मोफत मिळालेलं धान्य, तेल, साखर, शाळेचा गणवेश, सायकल, लॅपटॉप अशा वस्तूंचं मोल खर्चात मिळवलं, तेव्हा ग्रामीण भागातला माणशी मासिक खर्च ४,१२२ वरून ४,२४७ रुपये झाला, शहरातला ६,९९६ वरून ७,०७८. म्हणजे माणशी १२५ आणि ८२ रुपये. मोफत शिक्षण आणि मोफत उपचार त्यात धरलेले नाहीत. आपलं घर कुठे बसतं हे बघायला हा अहवाल चांगला आहे: ग्रामीण भागातल्या तळच्या ५ टक्क्यांचा माणशी मासिक खर्च १,६७७, वरच्या ५ टक्क्यांचा १०,१३७, शहरात २,३७६ आणि २०,३१०. महिन्याला १२,००० खर्च करणारं चौघांचं आपलं शेतकरी घर माणशी ३,००० वर येतं, म्हणजे ग्रामीण सरासरीच्या बरंच खाली. तुलना करताना घर विकत घेतल्याचा खर्च किंवा स्वतःच्या घराचं मानलेलं भाडं मिळवू नका. सर्वेक्षणातही ते धरलेलं नाही.

राहिला तो कर, जो कोणतंच कॅल्क्युलेटर विचारत नाही. ‘आम्हाला कर नाही’ म्हणणारं घरही जीएसटी भरतंच. तो काढताना छापील किमतीला थेट १८ टक्क्यांनी गुणू नये, कारण किमतीत कर आधीच मिसळलेला असतो. किंमत गुणिले १८ भागिले ११८ हे बरोबर. ५ टक्क्यांच्या वस्तूला ५ भागिले १०५. शेतकरी घराने महिन्यात ५ टक्क्यांच्या २,००० आणि १८ टक्क्यांच्या १,५०० रुपयांच्या वस्तू घेतल्या असं धरलं, तर त्यातला कर ९५ आणि २२९, मिळून ३२४. उत्पन्न महिन्याला १५,०००, म्हणजे २.२ टक्के. चोवीस लाखांच्या घराने अनुक्रमे १०,००० आणि २०,००० च्या घेतल्या तर ४७६ आणि ३,०५१, मिळून ३,५२७; उत्पन्नाच्या १.७ टक्के. रुपयांत जवळजवळ अकरापट, टक्क्यांत कमी.

दर बघताना २२ सप्टेंबर २०२५ नंतरचेच बघा. साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ वर आले आहेत, वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याचा हप्ता करमुक्त झाला आहे. जुन्या यादीवरून हिशोब केला तर किराण्याचा कर उगाच फुगतो. सुटं धान्य करमुक्त, पंचवीस किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के. पेट्रोल-डिझेल जीएसटीबाहेर आहे, त्यावरचं केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट वेगळा. रोज चाळीस किलोमीटर दुचाकी चालवणाऱ्या मजुराच्या घरात हाच सर्वांत मोठा कर असू शकतो. पगारदाराने व्यवसाय कर विसरू नये: राज्यात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. नव्या प्रणालीत या रकमेची वजावट मिळत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी घरातल्या प्रत्येक पॅनची अॅडव्हान्स्ड कॅल्क्युलेटरमध्ये फेरी, आणि ‘कर भरणारा’ कोण ठरतो त्याची नोंद. मग प्रत्येक माणसाची मायस्कीमवर फेरी, वगळलेल्यांचा भाग वाचून खोडाखोड. मग एका कोऱ्या तक्त्यात एकमेकांना कापणाऱ्या योजनांची वजाबाकी, रेशनचं मोल, जीएसटी आणि इंधन. घरातला एखादा पगार, विक्री किंवा वाटणी कोणत्या मर्यादेच्या आसपास येते आहे, हे त्या तक्त्यात वेगळ्या रंगात लिहून ठेवा. तारखेचं नियोजन करायला जागा असते ती तिथेच. शेअरची विक्री ३१ मार्चच्या आत करायची की १ एप्रिलनंतर, एवढ्यानेही एखाद्या वर्षाचा लाभ राहतो किंवा जातो.

पगारदार, एकच नोकरी, शेती नाही, अशा घराला प्राप्तिकर कॅल्क्युलेटर एकटा पुरेसा आहे आणि त्या कामासाठी तो उत्तम म्हणावा असा आहे. शेती, मजुरी आणि एखादी नोकरी असं मिश्र घर असेल तर मायस्कीमशिवाय चालणार नाही, पण त्याच्या यादीवर विसंबून अर्ज करू नयेत. आणि वर्ष निवडताना जपून: १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होतो, त्यात ‘कर निर्धारण वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ येतं. २०२५-२६ च्या उत्पन्नाला मात्र जुनाच कायदा, म्हणून त्यासाठी २०२६-२७ हे कर निर्धारण वर्षच निवडायचं.